समोरच्या खुर्चीतली परीक्षक

शाळा सुटल्यापासून ज्याने पगाराची चिठ्ठी आणि यंत्रांवरच्या सूचना सोडून काही वाचले नव्हते, अशा माणसाला वाचनाच्या आवडीवर इंग्रजीत बोलायचे होते. तेही न अडखळता, चेहरा प्रसन्न ठेवून. हसू नका मंडळी. असे कोणी ना कोणी तुमच्याआमच्या घरात असतेच.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता आणि त्याच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तळमजल्यावर उभा राहून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, वर दोर सैल झालाय की दाराखालचा रूळ झिजलाय. कंपनीने त्याला परदेशातल्या शाखेत पाठवायचे ठरवले होते. अट एकच, इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायची. क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले की वाचनाच्या सवयींवर प्रश्न येऊ शकतात. तुम्हाला काय वाचायला आवडते, लहानपणी काय वाचायचात, तुमच्या घरात कोण वाचते.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत क्लास घ्यायच्या. तोंडाने फटकळ, पण शिकवणे मनापासून. वर्गातले एकेक जण उठून सांगू लागले, की आमच्या घरी रोज संध्याकाळी सगळे मिळून वाचन करतात. बाईंनी हात वर करून थांबवले.

"इतकी वर्षं मी हेच ऐकतेय. सगळ्यांच्या घरी वाचन चालतं, आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात मात्र पंखाच फिरत असतो." मग त्या मेकॅनिककडे वळल्या. "तुमच्या घरी खरंच कोणी वाचतं का?"

"बायको वाचते."

"काय वाचते?"

"पुस्तकं," तो म्हणाला. वर्ग खो खो हसला.

बाई हसल्या नाहीत. "परक्या माणसाने विचारलं तर काय सांगायचं हे पाठ करायला तुम्ही फी भरता. घरातल्या माणसाला विचारायला पैसे पडत नाहीत. आज घरी जा आणि तिला विचारा. हाच तुमचा अभ्यास."

तो काही विचारत बसला नाही. एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर तयार उत्तर सापडले, तेच त्याने उतरवून घेतले. 'मला आणि माझ्या पत्नीला वाचनाचे वेड आहे. रोज संध्याकाळी आम्ही खिडकीपाशी बसून एकमेकांना आवडलेला उतारा वाचून दाखवतो,' अशा अर्थाचे ते उत्तर होते. छान होते. त्यातले एक अक्षर खरे नव्हते, पण परीक्षक कुठे घरी येणार होता!

परीक्षक म्हणून त्याने बायकोलाच समोर बसवले. दोघांचाच संसार. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मधे बाईंनी दिलेली प्रश्नांची कार्डे. सुरुवातीला त्याने सगळे प्रश्न स्वतःच मोठ्याने वाचून दाखवले, मग कार्डे तिच्या हातात दिली. तिचे इंग्रजी त्याच्याहून बरे होते. ती एकेक कार्ड उचलायची, खणखणीत आवाजात प्रश्न विचारायची, त्याचे उच्चार सुधारायची. त्याने ते खिडकीपाशी वाचन करण्याचे उत्तर म्हटले, की ती हातातले कार्ड खाली ठेवायची आणि म्हणायची, "छान झालं."

एकच गोष्ट त्याला खटकायची. तो बोलत असताना ती त्याच्याकडे बघायचीच नाही. नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवर. त्याला वाटायचे, कंटाळली असेल. एकदा तो चिडून म्हणालाही, "अगं, परीक्षक असा भिंतीकडे बघतो का?" ती ओशाळली आणि त्याच्याकडे मान वळवून बसली.

तसे पाहिले तर घरात बरेच काही बदलले होते. चहा ओतताना ती कपाच्या काठाला बोट लावून ठेवायची. वाचनालयात जाणे तिने बंद केले होते, आणि त्याला मनातून बरेच वाटले होते, की चला, आता अभ्यासाला वेळ देते आहे. मागे एकदा ती म्हणालीही होती, की ओळीतली मधली अक्षरे कोणी पुसल्यासारखी वाटतात, सरळ रेघ वाकडी दिसते. तेव्हा त्याच्या कानात इंग्रजी संभाषण चालू होते. एका कानातला इयरफोन काढून तो म्हणाला होता, "वाचन जरा कमी कर. परीक्षा झाली की चष्मा बदलू." आणि इयरफोन पुन्हा कानात घातला होता. रुळाचा आवाज खालून ओळखणाऱ्या माणसाला घरातला आवाज ऐकू आला नाही.

परीक्षा तोंडावर आली तशी बाईंनी नवी कार्डे दिली. विषय प्रवासाचा. त्या संध्याकाळी त्याने जुनी कार्डे उचलून नवी ठेवली, आणि तिला सांगायचे विसरला.

तिने वरचे कार्ड उचलले, डोळ्यांसमोर धरले आणि विचारले, "तुम्हाला काय वाचायला आवडतं?"

"अगं, ते जुनं झालं. यावर काय लिहिलंय ते विचार."

तिने ते कार्ड खाली ठेवले, दुसरे उचलले. "लहानपणी तुम्ही काय वाचायचात?"

"लक्ष कुठे आहे तुझं? प्रवासाचे प्रश्न आहेत, प्रवासाचे! समोर छापलंय एवढं मोठं!"

तिने कार्ड जवळ नेले, लांब नेले, तिरके केले. मग अंगठ्याने त्यावरून हळूच चाचपले, जणू अक्षरे हाताला लागतील. शेवटी ते टेबलावर त्याच्याकडे सरकवले.

"तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "मला नाही दिसत."

इतके दिवस ती एकही कार्ड वाचत नव्हती. त्याने पहिल्यांदा मोठ्याने वाचले तेवढे ऐकून तिने सगळे प्रश्न पाठ केले होते, क्रमानिशी.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"आधी डावा गेला. मग उजव्यातही मधेच ढग आला. आजूबाजूचं दिसतं. तुमचे कान दिसतात, केस दिसतात. चेहरा दिसत नाही."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले होते," ती शांतपणे म्हणाली. त्यात टोचणी नव्हती, आणि म्हणूनच ते त्याच्या काळजात घुसले. "मग म्हटलं, तुमची परीक्षा होऊन जाऊ दे. तुमचं मन दुसरीकडे नको जायला."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासले, मशीनवर डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढला. पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. रेघ पहिल्यांदा वाकडी दिसली तेव्हाच आला असतात, तर पुष्कळ वाचवता आले असते, असे ते म्हणाले. गेलेले परत येणार नाही. आता इंजेक्शने वेळेवर घेऊन राहिलेले सांभाळायचे. मेकॅनिक खाली मान घालून ऐकत राहिला. वेळेवर तपासणी न केल्याबद्दल त्याने आजवर किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना झापले होते!

पहिल्या इंजेक्शनची तारीख मिळाली ती नेमकी परीक्षेच्या दिवशीची. त्याने क्षणभरही विचार केला नाही, बाईंना फोन करून सांगितले की मी परीक्षेला बसत नाही. त्याला वाटले, हे ऐकून तिला बरे वाटेल. तिने ऐकले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली.

"मी कशासाठी गप्प बसले मग?" ती म्हणाली. "डोळे गेले ते गेले. ज्याच्यासाठी गेले तेही तुम्ही घालवलंत."

कंपनीने दुसऱ्या माणसाला पाठवले. पुढेमागे पुन्हा संधी येईल असे साहेब म्हणाले. साहेब असे म्हणतातच.

बाई एकदा घरी येऊन गेल्या. बोलल्या फार नाहीत. निघताना दाराशी थांबून त्याला एवढेच म्हणाल्या, "तो अभ्यास अजून बाकी आहे तुमचा."

त्या संध्याकाळी तो टेबलापाशी आपल्या खुर्चीत बसला. ती समोर बसली. त्याने जुनी कार्डे घेतली, पण त्यांच्याकडे बघितलेच नाही. मराठीतच विचारले, "तुला काय वाचायला आवडतं?"

ती म्हणाली, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं हो."

आणि मग ती बोलत राहिली. प्रवासवर्णने तिला आवडायची. समुद्रापलीकडची थंड गावे, धुक्यात धक्क्याला लागणारी बोट, परक्या गल्लीत वाट चुकलेली माणसे. त्याच्या बदलीची बातमी आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता, कारण ज्या गावांबद्दल ती वाचत आली तसे एखादे गाव ती डोळ्यांनी पाहणार होती. एक पुस्तक अर्धवट राहिले होते. एक बाई बर्फाळ बेटावर एकटी हिवाळा काढते, त्याची हकिगत. ती बाई दिवा लावायला उठते, तिथेच अक्षरांनी साथ सोडली. तिचे पुढे काय झाले, कोण जाणे.

इतकी वर्षे संसार करून तिला एवढे सलग बोलताना त्याने कधी ऐकले नव्हते. त्याचे डोळे भरून आले, आणि लगेच मनात आले, की आपण रडतोय हेही तिला दिसत नाही.

मंडळी, परक्यांपुढे शोभून दिसावे म्हणून आपण घराबद्दल गोड उत्तरे पाठ करतो, आणि ती खरी आहेत की नाही हे घरच्यांना विचारत नाही. कुणी म्हणाले, मला नीट दिसत नाही, माझे दुखते, तर 'अमुक होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणतो. ते 'मग' कोणासाठी थांबत नाही. आज घरी गेलात की समोरच्या माणसाला विचारा, तुला काय आवडतं. आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका.

मेकॅनिकने कपाटातून ते पुस्तक काढले. खूण होती तिथे उघडले आणि बोट ठेवून वाचू लागला. वाचायची सवय मोडलेली, प्रत्येक ओळीला ठेचकाळत होता. स्वल्पविरामाला थांबायचे असते हेही त्याच्या ध्यानात राहत नव्हते. बर्फातल्या बाईला दिवा लावायलाच पानभर लागले.

वाचता वाचता त्याने मान वर केली. ती भिंतीकडे बघत होती. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, पूर्वीसारखीच. कंटाळलीस का, असे विचारणार तोच त्याला डॉक्टरांचे बोलणे आठवले. मधले दिसत नाही म्हणून माणूस नजर बाजूला नेतो, मग समोरचे थोडेसे दिसते. एवढे दिवस तो तिच्यावर चिडत होता, तेव्हाही ती त्याचा चेहराच शोधत होती.

त्याने खुर्ची खिडकीजवळच्या उजेडात ओढली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.