बकरम भिजवलं का?

माझं पोट छातीत राहायला गेलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. एखादा भाडेकरू न सांगता वरच्या मजल्यावर घुसावा, तसं ते एक दिवस वर चढलं आणि काळजाच्या शेजारी बस्तान मांडून बसलं. तेव्हापासून दोघांची भांडणं. मी एक घास गिळला की काळीज म्हणायचं, सरक. पोट म्हणायचं, तूच सरक. निकाल लागायचा ढेकरेनं. आणि माझी ढेकर म्हणजे साधीसुधी नव्हे. एकदा दुकानासमोरून जाणारा टेम्पो तिला हॉर्न समजून बाजूला झाला. मागून कुणीच पुढे जाईना, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून गाडी शोधत बसला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. सापडला तर.

पण चेष्टा जाऊ द्या. मी शिंपी माणूस. पन्नास वर्षं मशीनवर वाकून कोट शिवले. आता वाकलो की आंबट पाणी घशाशी, आडवा झालो तरी तेच. बसवत नाही, निजवत नाही, उभं राहून करायचं काय ते कळत नाही. गळ्यात टेप अडकवून मी दुकानातून घरात आणि घरातून दुकानात फिरायचो. हातात कात्री, आणि कापायला काही नाही.

"अहो, टेका जरा कुठंतरी," आमची मंडळी म्हणायची. "तुमच्या येरझाऱ्यांनी फरशीवर शिवण पडलीय."

शेवटी तिनंच मला दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांच्या कोटाचं दुसरं बटण लोंबत होतं, ते मी आधी पाहिलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. अन्ननळीला खाली उतरायला त्यात एक भोक असतं. माझं ते भोक सैल पडलं होतं आणि निम्मं पोट त्यातून वर गेलं होतं. याला म्हणे पडद्याचा हर्निया.

"म्हणजे काज सैल झालं आणि बटण निसटलं," मी म्हणालो.

"अगदी तसंच, मास्तर. पोटावर पाच बारीक छिद्रं पाडायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. पोट खाली ओढून घ्यायचं, काज टाके घालून लहान करायचं, आणि पोटाचा वरचा भाग नळीभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. मग पाणी वर येत नाही."

"मग घाला की टाके."

"तुमचे काठ विरलेले असणार. नुसत्या टाक्यांनी ते फाटले तर पोट पुन्हा वर. म्हणून काही वेळा टाक्यांना आधार म्हणून जाळी लावतात."

त्यांनी खणातून एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा, भोकाभोकांचा, किंचित ताठ. अंगठ्याखाली चोळून पाहिला आणि माझ्या अंगावर काटाच आला. अहो, हे तर बकरम!

बकरम ठाऊक नसेल तर आपल्या शर्टाची कॉलर चिमटीत धरा. आत जे ताठ कापड लागतं ते बकरम. ते नसेल तर कॉलर मान टाकते. पण त्याची एक खोड आहे. ते पाण्यात आटतं. म्हणून आधी भिजवायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. विसरलात, तर पहिल्याच धुण्यात ते आखडतं आणि गिऱ्हाइकाचा गळा धरतं.

मी एकदा विसरलो होतो.

चाळीस वर्षं झाली. बँडमधल्या ट्रंपेटवाल्याचा लाल कोट होता, उभ्या कॉलरचा. घाई होती, मी बकरम कोरडंच कापलं. एका धुण्यात कॉलर दोन बोटं आटली. ट्रंपेटवाल्यानं वाजवायला गाल फुगवले, पण सूर गळ्याखालीच अडकला. लोक सांगतात, तो शेवटी कानांतून शिटी होऊन निघाला. डोळे पांढरे करून गडी मटकन खाली बसला. दुसऱ्या दिवशी कोट घेऊन माझ्याकडे आला, तर मी काय म्हणावं? "मान जाड झालीय तुमची." बिचाऱ्यानं मान्य केलं आणि जेवण कमी केलं. मी हे कुणाजवळ बोललो नाही. आणि आता तेच बकरम माझ्याच गळ्याखाली, माझ्याच नळीपाशी!

"ही भिजवून घेता का?" मी विचारलं.

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "का विचारताय?"

"आटेल म्हणून."

"आटते. अंगात गेल्यावर थोडी आखडतेच. क्वचित कुणाच्या नळीला घासून आतही शिरते."

"मग उसवायची?"

"सहज उसवत नाही. मांस तिच्यात विणलं जातं."

"मग नकोच ती!"

"आणि टाके निघाले तर? पोट वर जाऊन पिळलं गेलं तर जिवावर बेतेल. जाळी लावावी की न लावावी, यावर आम्हा सर्जन लोकांतही एकमत नाही, मास्तर. काठ कसे आहेत ते आत गेल्यावर दिसेल. ते बघून मी ठरवीन. त्यासाठी तुमची सही हवी."

म्हणजे नाकापेक्षा मोती जड की मोत्यावाचून नाक पडतंय, ते नाक कापल्यावर कळणार! मी संमतीचा कागद घडी करून खिशात घातला आणि सही न करता घरी आलो.

पुढचे चार दिवस घरात भिजत घोंगडं पडलं. खरोखरीचं. हाताला लागेल ते बकरम मी पाण्यात टाकत होतो, बाहेर काढून मोजत होतो, पुन्हा टाकत होतो. बादलीत, घमेल्यात, तांब्यात. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चहाच्या भांड्यात बकरम निघालं!"

"आटलं का?" मी विचारलं.

त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही.

पाचव्या दिवशी मी माझी जुनी, विरलेली पँट पिशवीत घातली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. "आधी तुमचा टाका दाखवा," मी म्हणालो.

"अहो!" मंडळींनी मला कोपरानं ढोसलं. "डॉक्टरांची परीक्षा घेतात का कुणी?"

बाई मात्र उठल्या आणि कपाटावरून एक खोका काढला. त्याला वर भोकं होती, आत कॅमेरा होता, बाजूला छोटा पडदा. सराव करायचा खोका. पँटीचा फाटका भाग आत अडकवून त्यांनी लांब दांड्यांची दोन हत्यारं भोकांतून घातली आणि पडद्याकडे बघत टाका घालायला घेतला. हातभर लांबून! मी मान पुढे काढून पाहत होतो. पहिला टाका त्यांनी विरलेला काठ सोडून चांगल्या कापडात घेतला. दोरा ओढला तो काठ एकमेकांना टेकेपर्यंतच, पुढे नाही. मी मनात म्हटलं, बाईला कापड कळतं. तिसऱ्या टाक्याला मात्र कापड चरचरलं.

"इथं धरणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी अस्तराचा एक तुकडा मागं लावला, फक्त मागं, आणि त्यात टाका घेतला. "इथं नुसता टाका घालून 'झालं' म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं."

काय झालं कोण जाणे, तो शब्द माझ्या छातीत, पोटाच्या बाजूलाच, जाऊन बसला. मी ट्रंपेटवाल्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. मान, कोट, कानांतली शिटी, सगळं. बाई हातातली हत्यारं तशीच धरून ऐकत होत्या.

माझं संपल्यावर मंडळी म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"तुला? कुणी सांगितलं?"

"कोटानंच. तो बिचारा तुमच्याकडून निघाला आणि मागच्या दारी पाणी मागायला आला. मी कॉलर चाचपली. उसवली, बकरम भिजवून नवं घातलं आणि तिसऱ्या दिवशी कोट परत दिला. त्याला म्हटलं, नीट जेवा हो."

"चाळीस वर्षं मला बोलली नाहीस?"

"तुम्ही मला बोललात?"

बाईंनी पटकन खोक्याआड तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी खिशातला कागद काढला. घामानं आणि बकरमाच्या पाण्यानं तोही आटला होता. तरी सहीपुरती जागा होती.

"एकच अट," मी म्हणालो. "नळीभोवती बकरमाची कॉलर शिवायची नाही."

"नाही शिवणार."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खाटेपाशी आल्या. बटण अजून लोंबतच होतं. मी विचारलं, "रफू की बकरम?"

"डावा काठ चांगला निघाला, उजवा तुमच्या पँटीसारखा. टाके घातले आणि मागच्या बाजूला एक तुकडा लावला. नळीपासून लांब. हा तुम्हाला दाखवलेल्या जाळीसारखा नाही, विरघळणारा आहे. काही महिन्यांत निघून जाईल."

"म्हणजे कच्चा टाका. पक्की शिवण बसेपर्यंत."

"हो. पुढं शिवणीनं धरायला हवं. शंभर टक्के खात्री मी देत नाही."

"आणि..." घसा कोरडा पडला होता, तरी विचारल्यावाचून राहवेना. "भिजवला होता का?"

"भिजवला. हा तुकडा कोरडा लावतच नाहीत. वाटीत पाण्यात टाकतानाच मी सिस्टरना म्हटलं, मास्तर शुद्धीवर आले की हेच विचारणार."

मग मंडळींनी चमच्यानं माझ्या तोंडात पाणी घातलं. मी ते जिभेवर बराच वेळ धरून ठेवलं. गिळायची छाती होत नव्हती, आणि छातीत तर आता भरपूर जागा होती. शेवटी डोळे मिटून गिळलं. पाणी हळूहळू, जपून, आपल्या मजल्यावर उतरलं. अडलं नाही. नवी कॉलर घालून गिऱ्हाइकाला वळवायला सांगतो, तशी मी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. काचत नव्हतं.

"काय झालं?" मंडळींनी वाकून विचारलं. "काचतंय का? मान जाड झाली असेल हो तुमची."