टाकीवरचं पोर

निकेतच्या व्हिडिओत पाच मालिका होत्या. त्यातल्या चार मी सांगितलेल्या. पण व्हिडिओत माझं नाव नाही म्हणून मी चिडले, असं जे घरात पसरलंय ते साफ खोटं आहे. नाव नको होतं मला.

निकेत माझा धाकटा दीर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ॲनिमेवर, म्हणजे जपानी कार्टून मालिकांवर, त्याचं मराठीतलं एक चॅनेल आहे. लग्न होऊन मी भाईंदरला आले तेव्हा या घरात सगळ्यात आधी माझ्याशी मोकळेपणानं बोलला तो हाच, कारण आम्ही दोघंही तेच बघायचो. सासूबाई अजून म्हणतात, "हेमांगी, एका पोराची आई झालीस, कार्टून कसली बघतेस?" तेव्हा निकेतच माझ्या बाजूनं भांडतो. भांडायचा.

रस्त्यावरच्या मोटारशर्यतींची एक मालिका नुकतीच संपली होती आणि त्याच्या चॅनेलवर सगळ्यांचा एकच धोशा, दादा, असंच अजून काय आहे? तो प्रश्न घेऊन तो स्वयंपाकघरात आला. मी कुकर लावत होते.

"असंच म्हणजे काय हवंय त्यांना?"

"स्पीड गं, वहिनी. दुसरं काय?"

"स्पीड नाही. गाडी सरळ रस्त्यावर असते तेव्हा आपण चिप्स खात बघतो. वळण आलं की हात थांबतो. त्यांना वळण हवंय."

त्यानं ते लगेच फोनवर टिपून घेतलं. मग मी सांगत गेले. बंदरावरच्या फ्लायओव्हरवाली, त्यातल्या गाड्यांचे आवाज कानात हेडफोन घालून ऐकायचे. बर्फातल्या रॅलीवाली, भाऊ गाडी चालवतो आणि बहीण शेजारी बसून नकाशा वाचते. गॅरेजवाली, तिच्यात शर्यत अगदी शेवटी एकदाच येते, पण ज्याला गाडी उघडून बघायला आवडते त्यानं ती सोडू नये. आणि सायकलवाली, कारण घाट चढताना लागलेली धाप इंजिनाला दाखवता येत नाही. पाचवी त्याची त्यानं घातली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो व्हिडिओ बघितला. बोलणं छान होतं. वळणाचं वाक्य जसंच्या तसं होतं. मालिकांची चित्रं परवानगीशिवाय दाखवता येत नाहीत, म्हणून त्यानं हेल्मेटला कॅमेरा लावून बाईक चालवतानाचं चित्रण मागे टाकलं होतं. मुर्धा गेलं, राई गेलं, पुढे उत्तनकडे जाणारा तो वळणावळणांचा रस्ता. एका वळणावर कॅमेरा खाली झुकला आणि पेट्रोलच्या टाकीवर मला दोन हात दिसले.

एवढेएवढे. पिवळ्या बाह्यांतून आलेले.

तो टी-शर्ट माझ्यासमोर बाल्कनीत वाळत होता.

शनिवारी निकेत म्हणाला होता, "साईराजला एक राऊंड मारून आणतो." राऊंड म्हणजे बिल्डिंगभोवती एक चक्कर, असं आपण समजतो. कुणाचीही नवीन बाईक आली की खालची पोरं रांग लावतात आणि काका-मामा एकेकाला टाकीवर बसवून गेटपर्यंत नेऊन आणतात. साईराज माझा मुलगा, चार वर्षांचा आहे. तो मला म्हणाला होता, "काकानं मासे दाखवले." मला वाटलं, फोनवर दाखवले असतील.

आणि पुढे तर कहरच. उत्तनच्या अलीकडे रस्त्याकडेला बोंबील वाळत घातले होते. तिथली एक कोळीण बाईक बघून मधे आली, हात पसरून ओरडली, "मेल्या, पोर हाय म्होरं, दिसत न्हाय का तुला?" एवढं वाक्य ठेवून निकेतनं त्यावर हसण्याचा आवाज लावला होता. वाकडंतिकडं करून तीनदा दाखवलं होतं. त्या अख्ख्या रस्त्यावर माझ्या मुलाची काळजी करणारं एकच माणूस होतं, आणि त्याचा यानं विनोद केला होता.

मी फोन घेऊन हॉलमध्ये गेले. सासूबाई, माझा नवरा नीरज आणि निकेत, तिघंही टीव्हीसमोर.

"हा साईराज आहे?"

"ओळखलंस!" निकेत खूश. "सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे, वहिनी."

"काढून टाक."

"अगं चेहरा कुठे दिसतोय? नुसते हात. आणि मी पन्नासच्या वर गेलोच नाही. एडिटमध्ये फास्ट केलंय."

"मग एडिट केलंय, असं सांगितलंस बघणाऱ्यांना?"

यावर तो छताकडे बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "सुखरूप आला ना पोरगा? मग संपलं."

नीरज, जो बँकेत रिस्क विभागात काम करतो, तो म्हणाला, "आम्ही सगळे असेच मोठे झालो. बाबा मला टाकीवर बसवून वज्रेश्वरीला न्यायचे."

"बाबा डोक्याला कॅमेरा लावून मालिकांची नावं सांगत नव्हते, नीरज!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

शेजाऱ्यांनी बघितलंच होतं. संध्याकाळी लिफ्टमध्ये समोरचे मितेशभाई भेटले. "भाभी, आपका साईराज तो हीरो बन गया! अगले संडे मेरे वाले को भी भेजता हूँ निकेत के साथ." मी म्हटलं, "मत भेजिए." ते हसले. त्यांना वाटलं, मी लाजतेय.

वर येऊन मी व्हिडिओखालचं लिहिलेलं वाचलं. 'छोटा रेसर.' 'काका असावा तर असा.' 'मीपण भाच्याला बसवून असा व्हिडिओ करतो.' हे शेवटचं मी दोनदा वाचलं. मग मीही लिहिलं, माझ्या नावानं.

'यातल्या चार मालिका मी सुचवल्या आहेत आणि चारही शेवटपर्यंत बघितल्या आहेत. त्यांतला एकही जण पुढे मूल बसवून वळण घेत नाही. बर्फातल्या मालिकेत बहिणीचा सीटचा पट्टा लागत नाही म्हणून भाऊ गाडी सुरू करत नाही आणि शर्यत हरतो, अख्खा भाग त्यावर आहे. टाकीवरचे हात माझ्या मुलाचे आहेत. तो चार वर्षांचा आहे. त्याला हेल्मेट नव्हतं आणि मला कोणी विचारलं नव्हतं. ज्या बाईंना तुम्ही हसताय त्या बरोबर ओरडतायत.'

ॲनिमे बघणारी पोरं वाया गेलेली असतात, असं म्हणणाऱ्यांनी त्याखाली काय आलं ते वाचायला हवं होतं. 'निकेतदादा, हे नाही पटलं.' 'पट्ट्याचा तो भाग मी कालच बघितला, ताई खरं बोलतायत.' 'कोळीण मावशींची माफी माग.' एकानं मात्र लिहिलं, 'काकू, घरातलं घरात बोला ना.' काकू! एकोणतीस वर्षांची आहे मी.

रात्रीच्या जेवणाआधीच निकेत फोन धरून आला. चेहरा उतरलेला.

"वहिनी, कमेंट काढ. लोक चॅनेल सोडून जातायत."

"व्हिडिओ काढ. कमेंट आपोआप जाईल."

"घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंस," सासूबाई कडाडल्या.

"पोर नेलं तेव्हा तुम्ही मैत्रिणींना लिंक पाठवत होता, आई."

त्या ताटं मांडायला उठल्या. निकेत मात्र हटला नाही. "आणि दादा? दादा रोज त्याला स्कूटरवर पुढे उभा करून नर्सरीत सोडतो. विदाउट हेल्मेट. त्याच्यावर लिही ना काहीतरी. का तो नवरा आहे म्हणून माफ?"

"माझं काय मधेच?" नीरज म्हणाला.

मला निकेतला एक सणसणीत उत्तर द्यायचं होतं. पण तो बरोबर बोलत होता आणि त्याचा मला आणखी राग आला.

"काढतोयस का व्हिडिओ?" मी एवढंच विचारलं.

त्यानं माझ्यासमोर काढला. सॉरी म्हणाला नाही. खोलीत गेला आणि दार आपटलं.

सोमवारी सकाळी नीरजनं स्कूटरची चावी उचलली, ती मी त्याच्या हातातून घेतली.

"हेमांगी, नर्सरी दोन गल्ल्या पलीकडे आहे."

"मग चालत जा."

"मला उशीर होतोय!"

"लवकर निघत जा."

साईराजनं पायरीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. त्याला पुढे उभं राहून हॉर्न वाजवायचा होता. त्याला बखोटीला धरून उठवत, गळ्यात डायनासोरची वॉटरबॅग अडकवून, बँकेच्या इस्त्रीच्या शर्टात नीरज गेटबाहेर पडला. जाताना मागे वळून माझ्याकडे असा बघून गेला की जसं काही मीच त्याचा अपमान केलाय. पोरगाही तसाच बघत होता. दोघंही माझ्यावर भयंकर चिडलेले होते.

चिडू देत. पायी तर जात होते.