नऊ वर्षांचा दाखला

"हा कारणाचा रकाना रिकामा का सोडलाय, पेखळे?" मॅनेजर दीक्षित साहेबांनी नोकरी सोडलेल्यांची यादी टेबलावरून परत सरकवली.

"काय लिहू ते विचारायलाच आलो होतो, साहेब," गोटीराम म्हणाला.

"वैयक्तिक कारण. सगळ्यांना तेच लिहा."

"चौसष्टातल्या एक्केचाळीस जणांना आपणच ब्रेकचं पत्र दिलंय. ते सोडून गेले नाहीत. आपण काढलं."

"रजिस्टरला ते गेलेलेच आहेत ना? झालं तर मग. चांगली माणसं का टिकत नाहीत, हे सांगायला शेठनी पुण्याहून तज्ज्ञ मॅडमना बोलावलंय. परवा त्यांच्या हातात यादी हवी. तुम्ही टाइप करा फक्त."

गोटीराम पेखळे अंबडच्या त्या कारखान्यात अठरा वर्षं टाइम ऑफिसात कारकून होता. इंजिनात बसणाऱ्या पिना आणि शाफ्ट तिथं घासून तयार होत. माणसं दीडशेच्या आसपास, त्यांतली कायम जेमतेम पन्नास. उरलेल्यांना सात महिने भरले की पत्र मिळायचं. आठ महिने सलग भरले तर कायद्यानं त्यांचा हक्क लागला असता, म्हणून ही काळजी. महिनाभर घरी बसवून त्याच माणसाला पुन्हा घ्यायचं. नवा टोकन नंबर, नवं कार्ड, नवी तारीख. जणू त्यानं हे गेट आजच पाहिलं. ती पत्रं गोटीराम टाइप करायचा. पहिली काही टाइप करताना त्याला जेवण गेलं नव्हतं. पुढं पुढं तो फक्त नाव आणि तारीख बदलू लागला, आणि जेवण व्यवस्थित जाऊ लागलं.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाळू भोये खिडकीशी येऊन उभा राहिला. हा पेठ तालुक्यातला, चाळिशीला टेकलेला माणूस. बायको नवसाबाई आणि मुलगी दीपमाला यांच्यासह चुंचाळ्याला एका खोलीत राहायचा. सेंटरलेस ग्राइंडिंगचं, म्हणजे शाफ्ट मापात घासायचं मशीन कारखान्यात खऱ्या अर्थानं एकट्या त्यालाच कळायचं. चाकाचा आवाज जरा बदलला की मापाचं गेज लावायच्या आधी तो सांगायचा, माल जाड येतोय. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघं कायम झाले होते, कारण एक शेठच्या गावचा होता आणि दुसरा ठेकेदाराचा भाचा. पंच्याण्णव सालापासून वाळूला तेरा पत्रं मिळाली होती. चौदावं येत्या शनिवारी होतं.

"भाऊसाहेब, एक काम व्हतं," तो म्हणाला. "सिन्नरला नवी कंपनी हाय. मशीन लावून देणारा सेटर पाहिजे त्यांना. कायम घेत्यात. माझं काम बघितलं, पसंत पडलं. पण अनुभवाचा दाखला मागत्यात. पाच वर्सं तरी पाहिजेत म्हणं."

"तुझी तर नऊ झाली."

"तेच लिहून द्या मंग. एक ओळ पुरं."

गोटीराम तसाच दीक्षित साहेबांकडे गेला. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"नऊ वर्षांचा दाखला? उद्या तो घेऊन लेबर कोर्टात उभा राहिला म्हणजे? चालू कार्डावर किती आहेत? सात महिने. तेवढ्याचा द्या."

"सात महिन्यांच्या दाखल्यावर त्याला तिथं कुणी घेणार नाही, साहेब."

"तो आपला प्रश्न नाही."

गोटीराम आपल्या टेबलाशी येऊन बसला. चौदा वेळा नवा ठरवलेला माणूस कारखाना सोडून जातानाही नवाच ठरणार होता. नऊ वर्षं त्यानं त्या चाकाची धूळ गिळली, आणि आता ती वर्षं कुठंच नव्हती. ती पुसणारा हात आपलाच, हे गोटीरामला त्या दुपारी पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

गुरुवारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये सगळा स्टाफ बसला. तज्ज्ञ मॅडम शांतपणे, मुद्देसूद बोलत होत्या. गेलेल्या प्रत्येक माणसाबरोबर त्याची कला जाते, नवा तयार होईपर्यंत माल खराब निघतो, म्हणून आधी आपली माणसं का जातात ते समजून घ्या, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी यादी हातात घेतली.

"इथं सगळ्यांपुढे वैयक्तिक कारण लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?"

दीक्षित साहेब उठले. "मॅडम, आमच्याकडे बरीच माणसं पेठ-सुरगाण्याकडची. भाताची लावणी आली की गावाला पळतात. कितीही करा, लॉयल्टी नसते."

शेठनी मान डोलावली. मागच्या रांगेतून गोटीराम उभा राहिला.

"साहेब, लावणी जुलैत असते. ही पत्रं नोव्हेंबरची आहेत, फेब्रुवारीची आहेत."

"पेखळे, बसा," शेठ म्हणाले.

"बसतो, शेठ. मॅडम, या चौसष्टातली एक्केचाळीस माणसं गेली नाहीत. सात महिने भरले म्हणून त्यांना घरी पाठवलं. पत्रं मी टाइप केली."

"पण या यादीत तर..."

"ती यादीपण मीच टाइप केली."

मॅडमनी यादी टेबलावर पालथी ठेवली आणि शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, चहा घेऊ या. चहाबरोबर बटाटेवडे होते. गोटीरामच्या शेजारी कुणी बसलं नाही.

त्या सभेनं काही बदललं नाही. शनिवारी वाळूचं पत्र टाइप करायला गोटीरामनं नकार दिला, तेव्हा दीक्षित साहेबांनी ते दोन बोटांनी स्वतः टाइप केलं. त्यानंतर गोटीरामनं कपाटातून वाळूची चौदाही कार्डं काढली. कंपनीच्या कागदावर एकाखाली एक चौदा टोकन नंबर लिहिले, रुजू झाल्याची आणि कमी केल्याची प्रत्येक तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'ही चौदाही कार्डं एकाच माणसाची आहेत. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये याच्याइतका जाणकार माणूस या कारखान्यात नाही.' सही केली, टाइम ऑफिसचा शिक्का मारला आणि शॉपमध्ये गेला.

पत्र वाळूच्या खिशात होतं आणि तो मशीन पुसत होता. सोमवारी येणाऱ्याला त्रास नको म्हणून चाकाला धार लावून ठेवली होती. हात कापडाला पुसून त्यानं कागद घेतला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचला.

"लय लिवलं, भाऊसाहेब. तुमाला बोलतील."

"बोलू दे."

गोटीरामला मेमो मिळाला आणि त्याची बदली मागच्या आवारात, भंगाराच्या वजनकाट्यावर झाली. वाळूला सिन्नरची नोकरी मिळाली.

पावसाळा संपेपर्यंत कारखान्यात त्या मशीनवर चार माणसं बदलून झाली. शाफ्टचे तीन लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवले. तेव्हा दीक्षित साहेब स्वतः काट्यावर आले.

"पेखळे, त्या भोयेला घेऊन या. परमनंट करतो, लेखी देतो म्हणून सांगा. तो आला की तुमचं टेबलही तुम्हाला परत."

गोटीराम एसटीनं सिन्नरला गेला. जेवणाच्या सुट्टीत वाळू गेटबाहेर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं. टपरीवर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी कुठं बसता आता?" त्यानं विचारलं.

"भंगाराच्या काट्यावर."

"अन् मी आलो तं?"

गोटीरामला खोटं बोलवलं नाही. "टेबल परत देतो म्हणाले."

वाळूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग येतो," तो म्हणाला. "इथं सांगावं लागंल. आठ दिस द्या."

नऊ वर्षांत त्या कारखान्यानं ज्याला लॉयल्टी नाही म्हणून हिणवलं, तो माणूस हे बोलत होता, आणि तेही ज्यानं त्याची पत्रं टाइप केली त्याच्यासाठी.

"येऊ नको," गोटीराम म्हणाला. "मी सांगतो म्हणून येऊ नको."

"तुमचं टेबल?"

"टेबलाचं राहू दे. दीपमालेची शाळा कशी चाललीय ते सांग."

भोंगा झाला तसा वाळू उठला. "येत जा, भाऊसाहेब," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी दीक्षित साहेबांनी केबिनच्या दारातूनच विचारलं, "काय म्हणाला?"

"तो येत होता, साहेब. मीच नको म्हणालो."

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. गोटीराम मागच्या आवारात गेला. गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या शाफ्टची ट्रॉली काट्यावर येऊन उभी होती. नवेकोरे, चकचकीत शाफ्ट, मापापेक्षा केसभर बारीक. त्यानं त्यातला एक उचलून शर्टाच्या बाहीनं पुसला, उन्हात फिरवून पाहिला आणि परत ट्रॉलीत ठेवला. मग काटा सरळ केला आणि वजन घेतलं.