एकशे एकविसावं नाव

अंजनाबाई गजभिये आमच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नोकरीवर लाल शाईची रेघ ओढली. निदान घरी मी असंच सांगितलं. शब्द जरा भडक असतील, पण राग खरा होता.

साल एकोणीसशे शहात्तर. शाळा सरकारी, प्राथमिक, हुडकेश्वरच्या रस्त्याला. नागपूर तिथं जवळजवळ संपायचं आणि माझी सायकल चिखलात रुतायला लागायची. पहिली ते चौथी चार वर्ग आणि चार शिक्षक: मोठ्या बाई म्हणजे अंजनाबाई, मुकुंद गुरुजी, कुसुमताई आणि मी, मार्तंड. मी सगळ्यांत धाकटा आणि तात्पुरता. दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून ही जागा मिळवली होती, आणि घरी माझ्या बायकोला, प्रेमलताला, पाचवा महिना लागला होता.

नियम साधा होता. चाळीस मुलांमागं एक शिक्षक. एकशे वीसपर्यंत तीन, आणि एकशे एकविसावं मूल असेल तर चौथा. तीस सप्टेंबरला तपासनीस येऊन मुलं मोजायचे आणि त्यावर शाळेचे शिक्षक, टाटपट्ट्या, खडू सगळं ठरायचं. चौथा म्हणजे मी, हे वेगळं सांगायला नको.

जूनमध्ये आमच्या पटावर एकशे सदतीस नावं होती. त्यातली एकतीस मुलं नुसती कागदावर होती. कोणाचा बाप उमरेडला कोळशाच्या खाणीवर लागला होता, कोणाचं बिऱ्हाड विटाभट्टीवर गेलं होतं, आणि बाबूलोकांनी आपली मुलं शहरातल्या खाजगी शाळांत नेऊन घातली होती. नावं मात्र आम्ही जपली होती. रविंद्र नावाचा मुलगा तीन वर्षांपूर्वी उमरेडला गेला, पण हजेरीपटात त्याचा एकही खाडा नव्हता. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतून पोरं उसनी आणायची आणि त्यांच्या तपासणीला आपली पाठवायची, हे काम मुकुंद गुरुजी दरवर्षी इमानेइतबारे करत.

अंजनाबाईंनी ती एकतीस नावं एका दुपारी कापली. उरली एकशे सहा.

"बाई, माझी नोकरी जाईल," मी म्हणालो.

"जे पोट्टे नाहीतच, ते तुमची नोकरी काय वाचवतील, मास्तर? जे आहेत ते घरी बसून राहिले. चला, आणू त्यांले."

त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही वस्तीत. बाई पुढं, मी मागं, तोंड पाडून. छप्पनच्या दीक्षेला गेलेली घरं तिथं बरीच होती आणि बाई त्यांच्यातल्याच, त्यामुळं दारं उघडायची. पण मुलगे आधीच शाळेत होते. मग बाई एकच प्रश्न विचारायच्या, घरी पोरी किती. इंदूबाई नावाच्या एका बाईच्या दारात तिची नऊ वर्षांची कौसल्या उभी होती, आणि कडेवर भाऊ, लहानू. लहानू पाचचा, अंगानं दांडगा. कडेवर घ्यायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, पण तो उतरायला तयार नव्हता.

"काहून वं इंदूबाई, पोरीले शाळेत काहून नाही पाठवत?"

"मले सकाळी कामावर जा लागते, बाई. लहान्याले कोण पाहीन?"

"त्यालेही पाठव."

इंदूबाई बघतच राहिली. मीही बघतच राहिलो. परत येताना मी म्हणालो की ही शाळा आहे, पाळणाघर नाही. बाई चालता चालता म्हणाल्या, "माझ्याही कडेवर भाऊ होता, मास्तर. तो खाली उतरला तेव्हा मी पहिलीत बसली. बारा वर्षांची होती मी."

ऑगस्टपर्यंत व्हरांड्यात सतरा लहानगी गोळा झाली. शाळेची चपराशीण मनकर्णा त्यांना सांभाळायची, म्हणजे त्यांच्यामागं दिवसभर धावायची. माझ्या टेबलाखाली कोणीतरी रोज ओलं करून ठेवायचं. मी रोज चिडायचो. पण एका सकाळी कौसल्या लहानूला फरफटत ओढत माझ्याकडं पळत आली आणि म्हणाली, "गुरुजी, ते लाल गाडी उमरेडले जाते. पाटीवर लिवलं आहे." तीन महिन्यांपूर्वी या पोरीला पाटी सुलटी की उलटी कळत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी तिच्यावर लिहिलं म्हण, लिवलं नाही, असं उगीच खेकसलो.

वीस सप्टेंबरला पट एकशे सोळावर आला आणि थांबला. आम्ही रविवारीसुद्धा हिंडलो. त्या शेवटच्या आठवड्यात आणखी चार मुली मिळाल्या. एकशे वीस. एक कमी. दहा कमी असत्या तर मी गप्प बसलो असतो, पण एक कमी हे काही मला सोसेना.

म्हणून मी एक उद्योग केला. तेव्हा जन्माचे दाखले कोणाकडं नसायचे. मूल शाळेत घालायला आणलं की उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी, जन्मतारीख एक जुलै. पण यात एक मेख आहे आणि ती प्रत्येक मास्तराला ठाऊक असते. मान थोडी कलती केली की लहान पोराचाही हात पोचतो. मी लहानूला शाळेमागं नेऊन चार दिवस शेंगदाण्यांवर मान कलती करायला शिकवलं. पोरगं हुशार होतं. तिसऱ्या दिवसापासून नुसता शेंगदाणा दिसला तरी मान कलती करायचं.

तीस तारखेला तपासनीस बाबाराव आले. वर्गावर्गातून त्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि हजेरीपट मिटून बाईंकडं पाहिलं.

"बाई, वीस वर्षं झाली मला हे काम करताना. पटावर जेवढी नावं तेवढीच मुलं समोर, असं मी आज पहिल्यांदा पाहिलं. उलट तुमच्याकडं सतरा जास्तच आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक कमी पडतंय. या सतरांत सहा वर्षांचं एखादं निघेल की. पाहा ना."

मी वाटच बघत होतो. लहानूला पुढं केलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान कलती केली आणि हात डोक्यावरून नेऊन कान गच्च धरला. बाबाराव समाधानानं हसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

अंजनाबाई खुर्चीवरून उठल्या. लहानूसमोर उकिडव्या बसल्या, त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि मान सरळ केली.

"आता धर, बाळा."

बोटं कानाच्या वर दोन पेरं थांबली. लहानूनं ताणून पाहिलं, चवड्यांवर उंच झाला, तरी पोचेनात.

"पुढच्या वर्षी येईल, साहेब," बाई म्हणाल्या. "एकशे वीस लिहा."

बाबारावांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. ते बाईंकडं पाहत राहिले, जणू माझी नोकरी गेल्याचं दुःख मला नसून त्यांनाच झालं होतं. मग त्यांनी आकडा लिहिला. तीन शिक्षक.

त्यानंतर मी बाईंशी बोललो नाही. मुकुंद गुरुजींजवळ बोललो, आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. यांच्या खरेपणाचं कौतुक होईल आणि माझ्या घरी चूल विझेल, हे त्यातलं त्यातल्या त्यात सभ्य वाक्य. बाई रोज सकाळी नमस्कार करायच्या आणि मी खिडकीबाहेर बघायचो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी हुकूम आला. मुकुंद गुरुजींनी वाचला आणि माझ्या हातात दिला. शाळेत तीन शिक्षक राहतील. श्रीमती अंजनाबाई गजभिये यांची, त्यांच्या विनंतीवरून, शहरातल्या मुलींच्या शाळेत सहशिक्षिका म्हणून बदली. मुख्याध्यापकाचं काम मुकुंद गुरुजींकडं. श्री. मार्तंड यांना आहे त्या जागी कायम ठेवलं आहे.

सोबत बाईंच्या अर्जाची प्रत होती. त्या शाळेत फक्त बाईमाणसाची एक जागा रिकामी होती, ती पद आणि भत्ता सोडून घ्यायला तयार आहे, असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली एक ओळ होती: पट एकशे एकवीस भरल्यास हा अर्ज रद्द समजावा. तारीख होती बावीस सप्टेंबर.

मी ती तारीख दोनदा वाचली. मोजणीच्या आठ दिवस आधीची. अर्ज तपासनिसांच्याच कचेरीतून गेला होता, म्हणजे बाबारावांना सगळं ठाऊक होतं. एखादं मूल निघेल का पाहा, ते माझ्यासाठी म्हणत नव्हते. आणि बाईंनी लहानूची मान सरळ केली तेव्हा जागा गेली ती माझी नव्हती.

मी कचेरीच्या खोलीत गेलो. बाई एका वहीत वस्तीतल्या घरांची यादी लिहीत होत्या. कोणती आई किती वाजता कामाला जाते, कोणत्या घरी बाप दारावर येऊ देत नाही, कोणाकडं आधी आजीशी बोलायचं, असं सगळं. मी दारातूनच विचारलं.

"बाई, मला आधी काहून नाही सांगितलं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "सांगितलं असतं, तर नोकरी वाचली म्हणून तुम्ही घरी गेले असते, मास्तर. त्या आठ दिवसांत चार पोरी आल्या."

हे खोटं आहे असं मला म्हणता येईना. कारण ते खरं होतं. एखाद्या माणसाबद्दल इतका आदर आणि स्वतःची इतकी लाज मला एकाच वेळी त्याआधी कधी वाटली नव्हती, पुढंही वाटली नाही.

बाईंनी पान पुरं केलं, वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. यातलं समजलं नाही ते आत्ताच विचारून घ्या. सोमवारपासून मी नसेन."