वहिनी तुटते

"वहिनी, तुम्ही हल्ली फार तुटता हो!" कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला आणि सुईतून निसटलेलं दोऱ्याचं टोक त्यानं माझ्या डोळ्यांपुढे नाचवलं.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तब्येतीची चौकशी समजून मी गुडघ्यापासून सुरुवात केली असती. पण त्याच्या मशीनवर आमचं रीळ होतं आणि रिळावर छापलं होतं, ‘वहिनी दोरा’. ती वहिनी म्हणजे मी. लग्न होऊन आले तेव्हा सासरी एक शेड, सूत पिळायचं एक यंत्र आणि रंगाची पिंपं, एवढाच पसारा होता. धाकटा दीर दिवसभर आतून ओरडायचा, "वहिनी, लाल नीट चढला का बघा! वहिनी, हा पीळ बघा!" दुकानदारांनी ऐकून ऐकून दोऱ्यालाच ते नाव लावलं. पुढे हे गेले, आणि त्या शेडचा कारखाना भाऊजींनी केला.

मी रीळ उचललं. पीळ सैल, आणि ओल्या बोटाला रंग लागला. तशीच तरातरा कारखान्यात गेले.

केबिनमध्ये भाऊजींसमोर परदेशी कंपनीनं नेमलेले साहेब बसले होते. भागीदारी झाल्यापासून ते असतातच. त्या वेळी कंपनी निम्मं-निम्मं म्हणत होती आणि भाऊजी एक्कावन्नावर अडून बसले होते. मिळाले तेव्हा मिठाई घेऊन घरी आले. तेव्हापासून मी त्यांना लाडानं एक्कावन्नशेठ म्हणते.

"भाऊजी, हे आपलं नाही."

त्यांनी दोरा दातांत धरून ओढला. तुटला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा दुसऱ्या देशातून येतो," साहेब म्हणाले. "स्वस्त पडतो. पुढच्या महिन्यापासून ‘वहिनी’ तिथूनच येईल."

"मला न विचारता?" भाऊजी उठलेच. "एक्कावन्न टक्के माझे आहेत! मालक मी आहे!"

"अर्थात. शेड, यंत्रं, पिंपं, या सगळ्यात मोठा वाटा तुमचाच. खुशाल चालवा. नाव मात्र कारखान्याचं नाही. ते करारातच आमच्याच एका तिसऱ्या कंपनीकडे गेलं. तुम्ही इतके दिवस भाड्यानं वापरत होतात. आता ते भाड्यानं मिळणार नाही."

"कुठे असते ही तिसरी?" मी विचारलं.

"एका बेटावर."

"तिथे यंत्रं आहेत?"

"नाहीत."

"माणसं?"

"तशी नाहीत. दारावर पाटी आहे."

"म्हणजे मी त्या दाराची वहिनी!"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त चीड आली. इथे माणसं रंगात कोपरापर्यंत हात घालतात, सुताची धूळ गिळतात, आणि जिथे कुणी साधं बटण लावलेलं नाही तिथली पाटी माझी मालकीण! हातानं करायचं ते सगळं आमच्या वाट्याला, आणि ज्याच्यामुळे ते विकलं जातं तेवढं तिच्या.

"भाऊजी, नाव दिलंत कधी?"

ते खाली बसले. "मी वरच्या टक्क्यासाठी भांडलो ना, तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, मग नाव आम्ही सांभाळतो. मी म्हटलं, सांभाळा. वहिनी, नाव कुणी उचलून नेतं का? मला वाटलं, पाट्या रंगवायचा खर्च त्यांचा!"

घरात आयुष्यभर एकमेकांना हाका मारल्या, पावती कधी फाडली नाही. हाकेला मालक असतो हे ठाऊक असलेला माणूस टेबलाच्या पलीकडे बसला होता.

"आम्ही ‘काकू’ छापलं तर?" मी विचारलं.

"विचारावं लागेल," साहेब गंभीरपणे म्हणाले. "नात्यातलं जवळचं नाव चालत नाही. गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो."

"गोंधळ गिऱ्हाइकाचा होतोय होय!"

मी उठले. पॅकिंगच्या टेबलावरून कोरं, चिठ्ठी न लावलेलं रीळ घेतलं आणि भाऊजींना म्हटलं, "चला."

शिंप्यानं आमचा दोरा ओवला. जाड कापडाच्या चार पदरांवरून मशीन धडधडत गेलं, थांबलं नाही. त्यानं शिवण दोन्ही हातांनी ताणली. "हां! आता कसं! हाच देत जा की."

"हाच देणार," भाऊजी म्हणाले. "कारखाना बंद करणार नाही मी."

"पण दुकानात मागू काय म्हणून? तिथे वहिनी मागितली की ती तुटकी मिळते."

भाऊजींनी सवयीनं तोंड उघडलं. "वहि..." आणि थांबले. रस्त्याकडे बघितलं, जणू कुणी ऐकत होतं.

केबिनमध्ये आला नव्हता एवढा संताप मला तेव्हा आला. शेड नेली असती, यंत्रं नेली असती, तरी चाललं असतं. या माणसाच्या तोंडातली हाक नेली यांनी.

"भाऊजी, हाक मारा मला," मी म्हटलं. "मोठ्यानं."

शिंपी मशीन सोडून बघत राहिला. भाऊजींनी घसा साफ केला.

"वहिनी," ते म्हणाले. हळूच, शेजारून उसनी आणल्यासारखी.