रस्त्यापलीकडचं तळं

बाबांची बॅग भरून दाराशी उभी होती. विमान संध्याकाळचं. हाताशी थोडा वेळ होता म्हणून अक्षया म्हणाली, “चला बाबा, तुमच्या तळ्यावर एक चक्कर मारून येऊ. बदकांचा निरोप नको का घ्यायला?”

बाबा जरा घुटमळले. मग कानटोपी चढवली, खिशात मूठभर मटार टाकले.

आई गेल्यापासून नागपुरात फुटाळा तलावाच्या काठानं रोज फेरी मारायची, हा बाबांचा नेम. इंग्लंडला, ब्रॅकनेलला लेकीकडे यायचं ठरलं तेव्हा फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं, “जवळपास पाणी आहे का गं कुठं?” घरासमोरचा रस्ता ओलांडला की तळं, हे ऐकून स्वारी खूश!

पण आल्या आल्या शॉपिंग सेंटरमध्ये घोळ झाला. टॉयलेटमधली मदत मागवायची लाल दोरी बाबांना फ्लशची साखळी वाटली. ओढली मात्र, धोक्याची घंटा कोकलायला लागली आणि गार्ड धावत आला. बाबा हात जोडतच बाहेर आले. अक्षयाच्या कडेवर तिचा तान्हा वीर किंचाळत होता, तिची स्वतःची रात्रभर झोप नव्हती. तिचा तोल गेला. “बाबा, इथे मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दोरी नाही, बटण नाही, काही नाही! आणि सिग्नलवर हिरवा माणूस दिसला तरच रस्ता ओलांडायचा. कळलं?”

“कळलं बाप्पा,” बाबा म्हणाले होते.

तेव्हापासून ते रोज दुपारी एकटे जायचे, नाक लाल करून परतायचे. “काय म्हणतात बदकं?” “मजेत आहेत.” ते बाहेर पडायचे तेव्हा वीरबरोबर तिचाही डोळा लागलेला असायचा. पुढे तिनं कधी खोदून विचारलं नाही.

आज क्रॉसिंगपाशी बाबा खांबाशेजारी उभे राहिले. हात पाठीशी, नजर समोरच्या लाल माणसावर. गाड्या सुसाट चालल्या होत्या. मागून बाबागाडी ढकलत आलेली अक्षया म्हणाली, “दाबा ना, बाबा.”

“काय?”

“बटण. दाबल्याशिवाय हिरवा येत नाही इथे.”

बाबांनी बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “असं होय! मला वाटलं, सिग्नलच बिघडलाय.”

ती त्यांच्याकडे वळली. “मग रोज… तळ्यावर?”

“इथून दिसतं की. त्या झाडांच्या फटीतून, थोडंसं.” बाबा ओशाळून हसले. “मटार कबुतरं खायची. तीही गुणी आहेत बिचारी.”

“मला विचारायचं तरी!”

“दमून झोपलेली असायचीस. उठवून काय विचारू, बटण दाबू का म्हणून?”

तिनं बटणाकडे बोट दाखवलं. “दाबा,” ती म्हणाली. तापलेल्या तव्याला लावावं तसं त्यांनी बोट लावलं आणि घंटा वाजते की काय म्हणून कानोसा घेतला. गाड्या थांबल्या.

“एवढंच होतं होय,” बाबा म्हणाले.

पलीकडे पाय टेकतात तोच टॅक्सीवाल्याचा फोन आला. विमानतळाकडचा मोटरवे तुंबला होता, आत्ताच निघायला हवं होतं.

“पाच मिनिटं, बाबा. नुसतं बघून—”

“नको. विमान चुकायचं. तळं कुठं पळून जातंय?” त्यांनी खिशातले मटार काढून तिच्या तळव्यावर ठेवले. “वीरला घेऊन तू जा उद्या.”

परतताना बटण बाबांनीच दाबलं, न विचारता. हिरवा माणूस लगेच आला. आज त्यानं जरा उशीर केला असता तरी चाललं असतं.