उलट्या लवेचा पडदा

सुनेनं सफरचंद सोलून, बिया काढून, फोडी बशीत गोल मांडून आणल्या, तेव्हाच मास्तरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षांत या सुनेनं सासूला फळ दिलं होतं ते अख्खं, आणि तेही मागितल्यावर.

"आई, आज ऊन फार आहे बाहेर," सून म्हणाली. "तुमचा डोळा अजून नवा आहे. पडून राहा घरी."

"डोळा नवा आहे, पण त्याच्या मागची बाई जुनीच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुठं जायचं नाही मी, ते सरळ सांग."

बशी जरा पुढं सरकवून सून आत गेली आणि नसलेलं काम करू लागली. नुसतीच भांडी वाजत होती, पाण्याचा आवाज नव्हता. मास्तरीणबाईंनी एक फोड उचलली, वास घेतला आणि परत ठेवली.

बाईंची शाळा दुसरीतच संपली होती. पण नवरा शिलाईमास्तर होता. तो ऐन उमेदीत गेला तेव्हा नातेवाईक मशीन विकत मागायला आले. बाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि आपणच मशीनवर बसल्या. पुढं त्या एका मशीनच्या तीन झाल्या. कपड्यांच्या शिलाईत मापाची कटकट असते आणि गिऱ्हाइकाच्या पोटाची खोटी प्रशंसा करावी लागते, म्हणून त्या पडद्यांकडं वळल्या. खिडकीला पोट नसतं, असं त्या म्हणत. सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं, पण तसं दाखवायच्या नाहीत.

त्या दिवशी नगरभवनात जनसुनावणी होती. दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता. महापौरांनी चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं बसवलं आणि मागच्या वस्त्यांचे नळ कोरडे राहिले. गटारं कशी बांधतात ते पाहायला चौदा जण घेऊन ते परदेशात गेले, त्यात तीन मेहुणे. भर सभेत एका नगरसेवकाच्या अंगावर पाण्याचा पेला रिकामा केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी जाऊन जेवले. न्हाव्याच्या दुकानात एका खुर्चीवरचा म्हणायचा, माणूस चोर आहे. दुसऱ्या खुर्चीवरचा म्हणायचा, चोर असेल, पण आमचा रस्ता त्यानंच केला. आणि आता सभागृहाचे पडदे. गडद लाल मखमलीचे चौदा पडदे, परदेशी कारखान्यात शिवलेले, बोटीनं आलेले. पेपरात आलं होतं की एका पडद्याच्या खर्चात शाळेची एक खोली उभी राहिली असती.

बातमी मुलानंच वाचून दाखवली होती, आणि तिथंच मास्तरीणबाईंना संशय आला होता. कारण थंडीत त्यांच्या पुढच्या खोलीत गडद लाल मखमलीचे तागे येऊन पडले होते. मुलगा पडद्यांच्या दांड्या बसवायची कामं घ्यायचा. दुसऱ्या गावच्या नाटकगृहाचं काम आहे, घाई आहे, असं म्हणाला. बाईंनी तीन आठवडे खपून चौदा पडदे शिवले. डोळ्यांवर तेव्हा मोतीबिंदूची सायच आली होती. दिव्याभोवती सगळं पिठासारखं दिसायचं. पण मखमलीला डोळे लागत नाहीत. हात फिरवला की कळतं, वरून खाली मऊ, खालून वर खरखरीत. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर उजेडात एक काळा आणि एक फिका दिसतो. हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

काम झालं आणि महिन्याभरात मुलानं त्यांचा उजवा डोळा करून आणला. चांगल्या दवाखान्यात, वेगळ्या खोलीत. पैसे कुठून आणलेस विचारलं तर म्हणाला, साठवले होते. ज्याच्या हातात दुपारचा पैसा संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता, तो साठवणार?

"नगरभवनाचे पडदे तू बसवलेस?" बातमी ऐकल्यावर त्यांनी मुलाला विचारलं होतं.

"मी फक्त दांड्या बसवल्या," तो म्हणाला. म्हणाला ते दाराच्या चौकटीच्या वर बघत. लहानपणी पाटी फोडून आला होता तेव्हाही तो तिथंच बघत होता.

बाईंनी तेव्हा विषय वाढवला नाही. संशय हा ओल्या कपड्यासारखा असतो, पिळत बसलं तर हात दुखतात, टांगून ठेवला की आपोआप काय ते गळतं. आज मुलगा सकाळीच घासूनपुसून बाहेर पडला होता, आणि सून सफरचंद कापत होती. मास्तरीणबाईंनी पायात चपला सरकवल्या, उन्हाचा काळा चष्मा लावला आणि सुनेला म्हणाल्या, "फोडी तू खा. तुझ्याच तोंडाला कोरड पडलीय."

नगरभवन गच्च भरलं होतं. समोर टेबलामागं चौकशीच्या बाई बसल्या होत्या. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या. केस पांढरे, आवाज हळू, आणि कुणी मध्येच बोललं की नुसत्या पेन खाली ठेवायच्या. डाव्या हाताला महापौर. माणूस बुटका, पण आवाज असा गोड की दूध नासलेलं असलं तरी ऐकणारा पिऊन टाकेल. उजव्या भिंतीशी, शिडीजवळ, पडदे बसवणाऱ्याला काही विचारायचं झालं तर म्हणून बोलावलेला मास्तरीणबाईंचा मुलगा. त्यानं आईला आत येताना पाहिलं आणि त्याची नजर दारावर गेली, दाराच्या वर.

मास्तरीणबाई मधल्या बाकावर बसल्या. चष्मा काढला. पडद्यांकडं पाहिलं.

चौदा खिडक्या, चौदा पडदे. चुण्या अशा पडल्या होत्या की मोजून घ्याव्यात. कुठं झोळ नाही, कुठं ओढ नाही. क्षणभर त्यांना बरंच वाटलं. चांगलं काम चांगल्या जागी टांगलेलं पाहण्याचं सुख शिवणाऱ्याला कितीदा मिळतं? बहुतेक पडदे शिवून जातात आणि मग दिसत नाहीत. आणि मग त्यांची नजर शेवटच्या खिडकीवर गेली, कोपऱ्यातल्या. तो पडदा फिका होता. तेरा गडद, आणि चौदावा धुऊन विटल्यासारखा.

उलटी लव.

त्यांना दिवससुद्धा आठवला. इस्त्रीनं बोटं भाजली होती. अंगठ्याला आणि दोन बोटांना पट्टी बांधली होती. स्पर्श कळत नव्हता म्हणून पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि डोळ्यांनी दगा दिला. पंचेचाळीस वर्षांत असली चूक झाली नव्हती. शिकाऊ पोरीनं केली असती तर त्यांनी तिला आठवडाभर गाद्यांच्या खोळी शिवायला बसवलं असतं. ज्या पडद्यांच्या पैशांवर हा डोळा आला, त्यांच्यातलीच चूक आज त्यानं दाखवली होती.

ती फक्त त्यांनाच दिसत होती असंही नाही. एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले की शेवटचा पडदा उघड उघड जुना आहे. तेरा नवे आणून चौदाव्याच्या जागी कुठलं तरी फडकं लावलंय, मग तो पैसा कुठं गेला. लोकांनी बाकं वाजवली. महापौरांचे चिटणीस उठून म्हणाले की ती परदेशी पद्धत आहे, एक पडदा मुद्दाम वेगळ्या छटेचा ठेवतात. मास्तरीणबाईंच्या नाकातून आवाज निघाला. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं.

मग महापौर बोलले. हसत, हात पसरून, जणू घरच्या लग्नाचं निमंत्रण देतायत.

"परदेशातून का आणले, विचारता? अहो, अशी शिलाई इथं येते कोणाला? आपल्याकडचे शिंपी उशीचा अभ्रा शिवतात तोही तिरका."

लोक हसले. जे बाकं वाजवत होते तेही हसले.

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. उभं राहायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या फक्त बघायला आल्या होत्या, आणि बघून गुपचूप घरी जाणार होत्या. घर चालतं कशावर, दुसऱ्या डोळ्याची तारीख कधी आहे, पोरगं कुठं उभं आहे, सगळं त्यांना ठाऊक होतं. आपण खऱ्यासाठी उठलो की नाकाला मिरची झोंबली म्हणून, याचाही त्यांना संशय आला. त्यांचा स्वतःवरही फार विश्वास नव्हता. पण उठल्या होत्या, आणि चौकशीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"हे पडदे मी शिवलेत," त्या म्हणाल्या. "चौदाच्या चौदा. माझ्या पुढच्या खोलीत. आणि तो शेवटचा छटेबिटेचा नाही. त्याची लव उलटी आहे. ती माझी चूक आहे."

सभागृहात कुजबुज झाली. महापौर अजून हसतच होते. आजी, तुमचा गैरसमज होतोय, असं ते मोठ्या मायेनं म्हणाले.

"मी तुमची आजी असते तर तुम्हाला खोटं बोलायला तरी नीट शिकवलं असतं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि टेबलाकडं वळल्या. "बाई, कुठल्याही पडद्याचा खालचा कोपरा उसवा. पडदा सरळ पडावा म्हणून आत वजन असतं. मी लोखंडी वायसर घालते, सायकलचे. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडं बरणीभर पडलेले असतात. परदेशातल्या कारखान्यात त्याच्याकडून नेत असतील तर माझं म्हणणं खोटं."

शिपायानं कात्री आणली. कोपरा उसवला. गंजाचा पिवळा डाग पडलेला वायसर टेबलावर वाजला. दुसरा पडदा, दुसरा वायसर. आता कुणी हसत नव्हतं. चिटणीस आपली फाईल बघत होते. पान मात्र उलटत नव्हते.

"कापड तुम्हाला कुणी आणून दिलं?" चौकशीच्या बाईंनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे उठतानाच कळायला हवं होतं. मास्तरीणबाईंना ते आता कळलं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही. माहीत नाही म्हणता आलं असतं. म्हातारी आहे, आठवत नाही, कुणीही मानलं असतं. पण आत्ताच त्यांनी चौदा पडद्यांचं एकूणएक सांगितलं होतं. विसरभोळी व्हायला उशीर झाला होता.

"माझ्या मुलानं," त्या म्हणाल्या. "तो शिडीपाशी उभा आहे. त्याला कुणी सांगितलं ते त्याला विचारा. खोटं बोलायला लागला तर मला विचारा, तेव्हा तो कुठं बघतो ते मला माहीत आहे."

मुलगा पुढं आला. त्यानं दाराकडं न बघता, समोर बघत सांगितलं. कापड इथल्याच बाजारातलं. बोटीचे खोटे कागद चिटणीसांनी आणून दिले, आणि माल मिळाला म्हणून सही त्यानं केली. महापौरांनी पाणी मागितलं. या वेळी त्यांनी ते पिऊन टाकलं.

पडदे उतरवून मोहोरबंद करायचा हुकूम झाला. दोन शिपाई शिडी लावून चढले आणि मखमल फरफटत खाली ओढू लागले. मास्तरीणबाईंना ते पाहवेना. चोराचं असो की साधूचं, कापड कापड असतं. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, अरे, लव आतल्या बाजूला घ्या, चोळामोळा केलात तर जन्मभर वळ राहतील. शिपायांना ते कळलं नाही. मुलाला कळलं. तो पुढं आला आणि त्यानं पडद्याची समोरची दोन टोकं उचलली.

दोघांनी पडदा ताणला, मधोमध दुमडला आणि एकमेकांकडं चालत आले. आईच्या हातात टोकं देऊन तो परत मागं गेला. दुसरा पडदा. तिसरा. प्रत्येक वेळी समोरासमोर यायचे, बोटांना बोटं लागायची आणि परत लांब जायचे. फिका पडदा आला तेव्हा जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "टांगतानाच दिसलं होतं मला. म्हणून तर कोपऱ्यात लावला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

मास्तरीणबाईंनी घडीची कड जुळवली. ती जुळलेलीच होती, तरी परत जुळवली.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे," तो म्हणाला.

"राहू दे. एकानं पुष्कळ दिसतं."

आठवा पडदा अर्धा झाला होता तेव्हा चौकशीच्या बाईंचा कारकून येऊन उभा राहिला. आतल्या खोलीत जबाब घ्यायचाय, म्हणाला, वेळ लागेल, घरी निरोप द्यायचा असला तर द्या. मुलानं आईकडं पाहिलं, सरळ, डोळ्यांत. मग त्यानं आपल्याकडची दोन्ही टोकं तिच्या हातात दिली आणि कारकुनाच्या मागं गेला. दार लागलं.

खिडक्यांतून दुपारचं ऊन आत येत होतं आणि बाकं रिकामी होत होती. नववा पडदा खाली पडला होता. मास्तरीणबाईंनी त्याची अलीकडची टोकं उचलून हात लांब केले. मखमल एकटीला पेलेना.

"ये, ते टोक धर," त्या शिपायाला म्हणाल्या. "ओढू नकोस. नुसतं ताठ ठेव आणि माझ्याकडं बघत ये."